काचेमागची नावं

राणीच्या बागेत सुट्टीच्या दिवशी गर्दी लोटते ती पेंग्विन आणि वाघ बघायला. बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्या गर्दीतली थोडी माणसं तिकडे वळतात, आणि आत पाऊल टाकलं की जवळजवळ प्रत्येकाची मान वर जाते. उंच छत, वरच्या मजल्याला आधार देत गेलेले लोखंडी खांब, खांबांच्या माथ्यावर सोन्याचा वर्ख, पायाखाली मिंटनच्या नक्षीदार फरश्या आणि मधोमध संगमरवरी प्रिन्स अल्बर्ट. मुलं फरशीवरच्या नक्षीचे चौकोन पकडून चालतात, मोठी माणसं मोबाइल काढतात. मग सगळे हळूहळू कपाटांकडे सरकतात. मला या इमारतीत सगळ्यांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते वरच्या मजल्यावरच्या मातीच्या माणसांपाशी.

ही माणसं हातभरही उंच नाहीत. कोळी आहेत, पारशी आहेत, बोहरी, वाणी, ब्राह्मण, जोगी, फकीर. कुणी उभा, कुणी बसलेला, प्रत्येकाचा पेहराव वेगळा. एका ठिकाणी तर नुसती डोकीच मांडलेली आहेत, कारण दाखवायची आहेत ती पागोटी. काचेला नाक लावून पाहिलं तर कळतं की हे पागोटं आणि ते पागोटं यांतला फरक फक्त रंगाचा नाही. घडी किती रुंद, पीळ कुठल्या अंगाला, कपाळावर किती उतरलेलं, मागे शेपूट आहे की नाही, हे सगळं करणाऱ्याच्या बोटांना पाठ होतं. त्या काळच्या मुंबईत रस्त्यात समोरून येणारा माणूस कोण, हे लांबूनच त्याच्या डोक्यावरून ओळखायचे. ती ओळखण्याची नजर या मातीत शिल्लक आहे. पाट्या वाचत गेलं की प्रत्येक पाटी समाजाचं नाव सांगते, धंद्याचं नाव सांगते. त्या चेहऱ्याचं नाव मात्र सांगत नाही. ती बोटं कुणाची होती, तेही सांगत नाही.

संग्रहालयात क्युरेटोरिअल रिसर्चर म्हणून काम करणाऱ्यांची नोकरी म्हणजे खरं तर हे दोन प्रश्न. वस्तू कुणी केली आणि कुणाची केली. बाकीचं सगळं, म्हणजे प्रदर्शनं, पाट्या, पुस्तिका, भाषणं, त्यानंतर येतं. वारसा इमारतीत हे काम करायचं तर तिसरा प्रश्नही त्यात येतो, खुद्द इमारतीचा. इथे इमारत हीसुद्धा संग्रहातली वस्तूच आहे. तीही कुणीतरी कुणाच्या तरी पैशांनी बांधली, रंगवली, नंतर पुन्हा रंगवली, मोडली आणि जोडली. तिचीही नोंद लावावी लागते.

या संस्थेचा जन्म भायखळ्यात झाला नाही. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला जी मोठी औद्योगिक प्रदर्शनं भरली, त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा झाल्या. त्या निमित्ताने इथेही एक संग्रह हवा असं ठरलं. फोर्टातल्या टाउन बराकींत तो मांडला गेला. जॉर्ज बुइस्ट त्याचे पहिले क्युरेटर. १८५७ च्या उठावात सैन्याला बराकी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने बाहेर काढला गेला आणि त्यातलं खूपसं नष्ट झालं. १८५८ पासून जॉर्ज बर्डवुड या तरुण डॉक्टरने उरलेलं गोळा करायला घेतलं. म्हणजे मुंबईच्या या सर्वांत जुन्या संग्रहालयाच्या नोंदवहीचं पहिलंच पान फाटलेलं आहे, आणि इथलं संशोधन सुरू होतं ते या फाटलेल्या पानापासून.

बर्डवुडच्या जोडीला उभे राहिले भाऊ दाजी. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. कुष्ठरोगावर औषध शोधणारा वैद्य, संस्कृतचा आणि नाण्या-शिलालेखांचा अभ्यासक, बॉम्बे असोसिएशनचा चिटणीस, दोनदा मुंबईचा शेरीफ. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हे मुंबईतल्या अगदी आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. नव्या इमारतीसाठी लोकवर्गणी उभी करण्यात भाऊ दाजी पुढे होते. जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून, जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्यांची नावं त्या वर्गणीशी जोडलेली आहेत. १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात पायाभरणी झाली. अमेरिकेत यादवी सुरू होती, कापसाला सोन्याचा भाव होता, मुंबई पैशांत लोळत होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर बुडाले आणि बांधकामाचा पैसा आटला. शेवटी सरकारने हात दिला म्हणून इमारत पुरी झाली. २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी उघडली तेव्हा ससून आणि शंकरशेट दोघेही हयात नव्हते. भाऊ दाजी होते, पण त्यांच्याकडेही दोनच वर्षं उरली होती. १८७४ मध्ये ते गेले.

दारावर नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते बदलून भाऊ दाजींचं नाव लागायला १९७५ साल उजाडलं.

अल्बर्टच्या पुतळ्यापाशी थोडं थांबू. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचं हे काम, देणगी ससूनची. चौथऱ्यावर इंग्रजीबरोबर हिब्रू मजकूरही कोरलेला आहे. बगदादहून आलेला ज्यू व्यापारी भायखळ्यात इंग्लंडच्या राणीच्या नवऱ्याचा पुतळा बसवतो आणि त्यावर स्वतःच्या धर्माच्या लिपीत लिहून ठेवतो. इथे संशोधन करणाऱ्याला केवळ इंग्रजी येऊन भागत नाही ते यामुळे. हिब्रूसाठी जाणकार गाठावा लागतो. पारशी आणि भाटिया देणगीदारांचा माग काढायचा तर जुनी गुजराती वर्तमानपत्रं वाचता यायला हवीत. मराठी बाजूला इंदुप्रकाश, ज्ञानप्रकाश. मोडी कागद हाती आला तर मोडी. सरकारी पत्रव्यवहारासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, आणि शोधनिबंधांसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. एका फुलदाणीच्या पाटीवर चार ओळी छापायच्या तर तिच्यामागे असा सगळा फेरा असतो.

कामाची रीत लांबून साधी वाटते. वस्तूच्या तळाशी किंवा पाठीवर बारीक आकडा घातलेला असतो. तो नोंदवहीत शोधायचा. तिथे साल, देणाऱ्याचं नाव किंवा खरेदीची किंमत, एखाददुसरी ओळ वर्णन. पण जुन्या संग्रहालयांत क्युरेटर बदलला की आकड्यांची पद्धतही बदलते. एकाच तबकाच्या पाठीवर दोन-तीन आकडे दिसतात, एक खोडलेला, एक पुसट. त्यातला कुठला कुठल्या वहीचा हे ठरवण्यात आठवडा सहज जातो. वहीत ‘पितळी भांडं’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कपाटात पितळी भांडी वीस. मग मापं जुळवायची, जुने फोटो काढायचे, छापील मार्गदर्शिका चाळायच्या. १९२० च्या दशकात इथले क्युरेटर अर्नेस्ट फर्न यांनी लोकांसाठी संग्रहाची माहितीपुस्तिका काढली होती. तेव्हा कुठली वस्तू कुठे होती, तिच्याबद्दल काय सांगत होते, हे अशा पुस्तिकेतून कळतं. त्यात जे सांगितलेलं नाही, तेही नजरेत भरतं.

आणि मग पावसाळा. मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, कापडावर बुरशी धरते, कसर लागते, हस्तिदंताला चिरा पडतात. संशोधन करणारा आणि संवर्धन करणारा ही दोन माणसं कागदावर वेगळी असली तरी जुलै-ऑगस्टात त्यांचं काम एकच होतं. कुठल्या कपाटात ओल येते याची नोंद ठेवायची, कारण त्या कपाटात काय ठेवायचं हे शेवटी त्यावर ठरतं.

इमारतीचीही अशीच चौकशी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस संग्रहालयाची रया गेली होती. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं, तस्नीम मेहता यांनी संग्रहालयाची नवी घडी बसवली, आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. त्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा उत्कृष्टतेचा पुरस्कार या जीर्णोद्धाराला मिळाला होता.

अशा कामात रंगाचा शोध कसा घेतात ते बघण्यासारखं असतं. भिंतीचा किंवा खांबाचा नखाएवढा तुकडा निवडतात आणि धारदार पात्याने एकेक थर अलगद उचलतात. वरचा रंग अलीकडचा, त्याखाली त्याच्या आधीच्या पिढीचा, त्याखाली आणखी जुना. तळाशी चुन्याचा गिलावा किंवा उघडं लोखंड लागलं की थांबायचं. प्रत्येक थर म्हणजे कधीतरी कुणीतरी घेतलेला निर्णय. त्या वर्षी रंगवायला पैसे कुठून आले, कंत्राट कुणाला गेलं, हे कागदात सापडलं तर थराला तारीख मिळते. कागद नसेल तर रंगाच्या घटकांवरून अंदाज बांधावा लागतो. मग वाद होतो: कुठल्या थराला मूळ म्हणायचं? १८७२ च्या थराला, की लोकांना ज्या रूपात इमारत शंभर वर्षं ठाऊक होती त्या थराला? भायखळ्यात उद्घाटनाच्या वेळचं वैभव परत आणायचं ठरलं. ते ठरवणं बरोबर होतं असं मला वाटतं, कारण ही इमारत बांधणाऱ्यांना ती अशीच दिमाखदार हवी होती. पण त्यामुळे मधल्या शंभर वर्षांची नोंद राखण्याची जबाबदारी भिंतीवरून उतरून कागदावर आली, हे विसरून चालणार नाही.

आता पुन्हा नावांकडे येतो.

बर्डवुड पुढे लंडनला इंडिया ऑफिसात गेले. भारतीय हस्तकौशल्यांवर १८८० मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचा खूप बोलबाला झाला. भारतीय कारागिरांवर या माणसाचं खरं प्रेम होतं. तरीही १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत त्यांनी सांगितलं की भारतात ललित कला म्हणावी अशी गोष्टच नाही, आणि ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. त्या बोलण्याने इतकी खळबळ झाली की त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. भायखळ्याचं संग्रहालय या विचाराच्या छायेत वाढलं. इथे कला नव्हती, कसब होतं. कसब हे जातीचं असतं, गावाचं असतं, घराण्याचं असतं, एका माणसाचं नसतं. एकदा असं ठरलं की नाव टिपायची गरज उरत नाही. नोंदवहीत ‘लाखकाम, सावंतवाडी’ लिहिलं की नोंद पूर्ण. मला ही नोंद वाचताना दरवेळी अस्वस्थ वाटतं. कारण ते काम करणारा माणूस त्याच्या गल्लीत नावाने ओळखला जात होता. त्याचं नाव हरवलं ते वहीत शिरताना.

याच्या उलट उदाहरण जवळच आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींचंही तेच झालं, १८८५ च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत बऱ्याचशा गेल्या. पण त्या कामातल्या मुलांची नावं राहिली. पेस्तनजी बमनजी हे त्यातलं आज सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. का राहिली? कारण ते चित्रकलेचं काम मानलं गेलं, अहवालांत आलं, पुस्तकात आलं. त्याच जेजेमध्ये त्याच दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केलं होतं. तिथल्या फुलदाण्यांवर अजिंठ्याच्या छतांवरची नक्षी, कमळं, हंस उतरले. भायखळ्याच्या कपाटांत ती भांडी आहेत. झिलईखालची ती रेघ इतकी सराईत आहे की हात लेण्यांत रेखाटून आलेल्या कुणाचा तरी असणार असं वाटत राहतं. असं वाटणं पाटीवर लिहिता येत नाही. त्यासाठी कागद लागतो.

मातीच्या माणसांचा काळ त्यानंतरचा. १९०३ पासून सेसिल बर्न्स हे संग्रहालयाचे क्युरेटर होते आणि जेजेचे प्रिन्सिपलही. व्यापाराच्या नमुन्यांवरून त्यांनी संग्रहालयाचा भर लोकजीवनाकडे वळवला. समोरून चालत येणारा सामान्य मुंबईकर अक्षरओळख नसतानाही पाहून शिकेल अशा वस्तू त्यांना हव्या होत्या. जेजेच्या हातांनी गावाचे, खेळांचे, समाजांचे देखावे तयार झाले. पारशांच्या दोखम्याची प्रतिकृतीही या संग्रहात आहे. यात शिकवण्याची कळकळ होती, ती मी नाकारणार नाही. पण माणसांची जातवार वर्गवारी करून त्यांना कपाटात उभं करण्याची सरकारी खोडही होती, आणि आज पाटी लिहिणाऱ्याला या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. समोर उभी असलेली शाळेतली मुलगी त्या कोळणीच्या लुगड्याचा काष्टा बघत असते. तिची पणजी कदाचित तशीच नेसत असेल. त्या मुलीला पाटीने काय सांगावं, याच्याइतका अवघड प्रश्न या व्यवसायात दुसरा नसेल.

या इमारतीच्या इतिहासात एक माणूस आहे ज्याला मी इथल्या संशोधकांचा पूर्वज मानतो, जरी त्याचा पगार संग्रहालयाच्या वहीत नव्हता. भगवानलाल इंद्रजी. जुनागढचा ब्राह्मण तरुण. गिरनारच्या पायथ्याच्या शिलालेखांची अक्षरं लावता लावता तो पुरालिपी शिकला. १८६१ च्या सुमारास तो भाऊ दाजींकडे मुंबईला आला आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडला. लेणी, स्तंभ, ताम्रपट, नाणी: जिथे जुनं अक्षर असेल तिथे जाऊन ठसे घ्यायचे, नकला करायच्या, वाचन जुळवायचं. हे काम भाऊ दाजींच्या निबंधांत गेलं आणि भाऊ दाजींच्या नावाने प्रसिद्ध झालं. त्या काळात तशीच रीत होती, आणि भाऊ दाजींनी त्याला आधार दिला, खर्च केला, हेही खरं. भाऊ दाजी वारले तेव्हा भगवानलाल नेपाळात होते. त्यानंतर मात्र त्यांचं स्वतःचं नाव छापलं जाऊ लागलं. १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप त्यांनी उकरला. लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये ते गेले तेव्हा मथुरेचं प्रसिद्ध सिंहशीर्ष त्यांच्याच संग्रहातून ब्रिटिश म्युझियमला मिळालं. भाऊ दाजींचं नाव इमारतीवर आहे आणि ते असायलाच हवं. पण भगवानलाल यांची आठवण दर्शनी भागात ठळकपणे व्हायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

नावं काढून टाकण्याचा आणि लावण्याचा खेळ इमारतीबाहेरही मांडलेला आहे. स्वातंत्र्यानंतर शहरातले इंग्रजी पुतळे चौकांतून हलले आणि त्यातले कितीतरी या आवारात आले. काळा घोडा १९६५ मध्ये आला, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही इथेच आहे, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासलं होतं. संगमरवरात मुरलेलं डांबर निघेना, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढून दाखवलं. एकाच दगडावर एका बाजूने डांबर, दुसऱ्या बाजूने रसायन, आणि दोन्हीमागे नावं असलेली माणसं. पाटी लिहिताना चापेकर सगळ्यांना आठवतात, गज्जर फारच थोड्यांना. शेजारीच घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो. १८१४ मध्ये त्याची मान पडली, नंतर धडही ढासळलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी मोडली. तुकडे मुंबईत राहिले, आणि १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते जुळवून तो पुन्हा उभा केला. सांधे आजही दिसतात.

२०१३ मध्ये चित्रकार रीना सैनी कल्लाट यांनी या इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं होतं. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्याचं एकेक जुनं, आता बदललेलं नाव. समकालीन कलाकारांनी इथल्या संग्रहाशी बोलावं असा प्रयत्न संग्रहालयाने चालवला, त्यातलं मला सगळ्यांत नेमकं वाटलेलं काम हे. कारण नोंद ठेवणाऱ्याच्या हातातला शिक्का त्यांनी नोंद पुसणाऱ्याच्या बाजूने दाखवला.

मातीच्या माणसांची नावं लागतील का? जेजेचे हजेरीपट, कारागिरांना दिलेल्या पैशांच्या पावत्या, बक्षिसांच्या याद्या, प्रदर्शनांच्या सूची, असल्या रुक्ष कागदांत ती शोधावी लागतात. असं नाव लागतं तेव्हा ते एखाद्या पावतीच्या कडेला, गुजराती किंवा मोडीतल्या सहीच्या रूपाने लागतं. जोवर ते लागत नाही तोवर पाटीवरची ती जागा कोरी ठेवू नये. ‘करणाऱ्याचं नाव नोंदलेलं नाही’ असं स्पष्ट मराठीत लिहावं, म्हणजे शाळेतल्या त्या मुलीला कळेल की इथे कुणीतरी होतं.

हे काम एका वर्षाचं नाही. आपल्याकडे अनेक संग्रहालयांत संशोधकाची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर होते. नोंदवह्यांची पद्धत कळू लागते न लागते तोच माणूस दुसरीकडे जातो, आणि पुढचा पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतो. भायखळ्याचं संग्रहालय ज्या महापालिकेच्या मालकीचं आहे तिची गणना देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकांत होते. मोडी आणि जुनी गुजराती वाचणारी दोन माणसं कायम पदावर नेमणं आणि त्यांना दहा वर्षं वह्यांपाशी बसू देणं तिला अवघड नाही. त्यांनी पहिली सूची काढावी ती जेजेकडून आलेल्या मातीकामाची, मराठीत, आणि तिच्यात एक रकाना फक्त करणाऱ्यासाठी ठेवावा.